मेनू बंद केला की पान वर उडी का मारतं?

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडते. काटोलकडच्या संत्रा बागायतदारांच्या एका गटासाठी तुम्ही साइट केली आहे. एकाच लांब पानावर बागांची यादी, झाडावरच्या फळांचे फोटो, मालाचा अंदाज आणि शेवटी संपर्क असं सगळं आहे. मोबाइलवर मेनू उघडला की मागचं पान बोटासरशी सरकत राहतं. मेनू बंद केल्यावर पान कधी थेट वर जातं, कधी जागीच गोठतं. ‘संपर्क’वर टॅप केलं की मथळा वर चिकटलेल्या हेडरखाली लपतो. जुन्या अँड्रॉइड फोनवर सगळंच अडखळतं, म्हणून तुम्ही स्मूथ स्क्रोलची, म्हणजे पान सावकाश तरंगत सरकवणारी, एक तयार लायब्ररी टाकली आणि त्यानं अडखळणं वाढलं. आता तुम्ही विचारताय की नेमका कोणता जावास्क्रिप्ट कोड टाकू.

माझं उत्तर असं की टाकण्याआधी काढायला लागा. तुम्हाला हा एक बिघाड वाटतोय, पण हे चार बिघाड आहेत. एकाच पानावर दिसतात एवढंच त्यांचं नातं. पान सरकवणं हे ब्राउझरचं काम आहे आणि ते तो फार चांगलं करतो. मी नागपुरात बरीच वर्षं साइट बनवते आहे. स्क्रोलची तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक साइटवर मला हेच दिसलं की ब्राउझरच्या कामात कोणीतरी हात घातला होता, आणि तो हात काढून घेतल्यावर पान सुधारलं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. कोड तुम्ही हातानं लिहिलाय की वर्डप्रेसची थीम वापरलीय, हे प्रश्नात नाही. थीम असेल तर थीम, पेज बिल्डर आणि कुकीची सूचना दाखवणारं प्लगइन असे तिघेही बॉडीला, म्हणजे पानाचा सगळा मजकूर धरणाऱ्या टॅगला, आपापलं कुलूप (पान सरकू न देणारा कोड) लावत असतात, आणि मग शोध लांबतो. दुसरं म्हणजे तुमचे वापरकर्ते. बागायतदार आणि कळमना बाजारातले व्यापारी मुख्यतः अँड्रॉइडवर असतील तर काम सोपं आहे. बाहेरगावचे खरेदीदार आयफोनवरून बघत असतील तर एक वळसा घ्यावा लागेल, तो पुढे सांगते.

सुरुवात एकाच प्रश्नापासून करा: पानावर नेमकं सरकतंय कोण? वरवर बघता पूर्ण पान सरकतंय असं वाटतं, पण अनेकदा आतला एखादा डबा सरकत असतो. हे ओळखायची माझी युक्ती साधी आहे. कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमधल्या कोड लिहायच्या खिडकीत) डॉक्युमेंटवर स्क्रोल इव्हेंटचा लिसनर, म्हणजे स्क्रोल झाला की चालणारा कोड, लावायचा, तिसरा आर्ग्युमेंट ‘ट्रू’ द्यायचा आणि इव्हेंटचं टार्गेट, म्हणजे जे सरकलं ते, छापायचं. एखाद्या एलिमेंटचा स्क्रोल इव्हेंट वरपर्यंत बबल होत नाही (बाहेरच्या एलिमेंटांकडे चढत जात नाही), पण कॅप्चरच्या टप्प्यात तो डॉक्युमेंटवरून खाली जाताना सापडतो, म्हणून ते ‘ट्रू’ महत्त्वाचं. आता पान हलवा. टार्गेट म्हणून डॉक्युमेंट आलं तर सगळं जागेवर आहे. बॉडी किंवा एखादी डिव्ह आली तर तुमच्या अर्ध्या प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

बॉडी सरकू लागण्याचं मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण सांगते. पान आडवं हलतं म्हणून कोणीतरी एचटीएमएल आणि बॉडी या दोघांनाही ओव्हरफ्लो-एक्स हिडन (आडवं बाहेर जाणारं लपव) देतं, आणि सोबत दोघांची उंची १०० टक्के करतं. एरवी बॉडीचा ओव्हरफ्लो ब्राउझर स्वतः उचलून पूर्ण खिडकीला लावतो. पण एचटीएमएललाही तो दिला की खिडकीला एचटीएमएलचा लागतो आणि बॉडीचा बॉडीकडेच राहतो. शिवाय एक्स दिशेला हिडन असेल तर वाय दिशेचं व्हिजिबल आपोआप ऑटो होतं. म्हणजे बॉडी हा स्वतंत्र सरकणारा डबा झाला. आता विंडोचा स्क्रोलवाय (पान किती खाली सरकलं तो आकडा) कायम शून्य दाखवणार, विंडोवरचा लिसनर गप्प बसणार आणि विंडो डॉट स्क्रोलटू कशालाच हलवणार नाही. उंची दिलेली नसेल तर वेगळाच त्रास होतो. बॉडी डबा म्हणवते पण सरकत नाही, सरकते खिडकीच, आणि आतला स्टिकी हेडर चिकटायचा थांबतो.

धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या साइटवर या दोन ओळींमागे माझे दोन दिवस गेले होते. मी कुलूप लावण्याचा कोड तीनदा नव्यानं लिहिला, आणि तिन्ही वेळा तो विंडोला उद्देशून होता. सरकत होती बॉडी. तेव्हापासून टार्गेट छापून बघितल्याशिवाय मी स्क्रोलच्या कोडला हात लावत नाही.

उपाय असा: आडवं हलणं ज्या एलिमेंटमुळे होतंय तो शोधा. बहुधा ती १०० व्हीडब्ल्यू, म्हणजे पूर्ण खिडकीच्या, रुंदीची पट्टी असते किंवा यादीतला न तुटणारा लांब मजकूर. तोवर हिडनच्या जागी क्लिप वापरा. क्लिपमुळे नवा सरकणारा डबा तयार होत नाही, म्हणून स्टिकीही शाबूत राहतं.

आता वर उडी मारण्याकडे येते. तुमच्या मेनूचं बटण हे खरं बटण आहे की हॅश लिहिलेली लिंक आहे, हे आत्ता बघा. एचरेफमध्ये नुसता हॅश म्हणजे ब्राउझरच्या भाषेत ‘पानाच्या माथ्यावर जा’. क्लिकवर प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरची मूळ क्रिया थांबवणं) करायचं एखाद्या ठिकाणी राहिलं की पान वर जातं. तिथे बटण टॅग घाला. कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनाही तोच हवा असतो.

बटण बरोबर असूनही उडी पडत असेल तर कारण कुलपात आहे. आयफोनच्या जुन्या सफारीत बॉडीला ओव्हरफ्लो हिडन दिलं तरी पान बोटानं सरकत राहायचं. ही वागणूक सफारी १६ पासून सुधारली. त्याआधी सगळ्यांनी एक वळसा शोधला होता, तो असा: मेनू उघडताना स्क्रोलवाय टिपून ठेवायचा, बॉडीला पोझिशन फिक्स्ड आणि तेवढाच उणे टॉप द्यायचा, आणि बंद करताना सगळं काढून स्क्रोलटूनं मूळ जागी परतायचं. इंटरनेटवर तुम्हाला जो कोड मिळाला असेल तो बहुतेक हाच. तो चालतो, पण त्याचे दोन सापळे आहेत आणि तुमच्या वर्णनावरून तुम्ही दोन्हींत अडकला आहात असं मला वाटतं.

पहिला सापळा स्मूथचा. सीएसएसमध्ये एचटीएमएलला स्क्रोल-बिहेवियर स्मूथ दिलं असेल तर परतीचा स्क्रोलटूही सावकाश होतो. फिक्स्ड काढताच पान क्षणभर माथ्यावर येतं आणि तिथून तरंगत खाली जाऊ लागतं. वापरणाऱ्यानं मध्येच बोट टेकवलं की ते तिथेच थांबतं. याला म्हणतात ‘पान वर जातं’. स्क्रोलटूला ऑब्जेक्ट देऊन त्यात बिहेवियर ‘इन्स्टंट’ लिहा. ‘ऑटो’ लिहू नका, कारण ऑटो पुन्हा सीएसएसलाच विचारतो.

दुसरा सापळा क्रमाचा आहे आणि तो जास्त फसवा आहे. मेनूतली ‘संपर्क’ लिंक त्याच पानावरच्या भागाकडे नेते. टॅप झाला की ब्राउझर त्या भागाकडे जायला निघतो, पण पान कुलपात असतं. तुमचा कोड मेनू मिटण्याचं अॅनिमेशन संपल्यावर, म्हणजे समजा ३०० मिलिसेकंदांनी, कुलूप काढतो आणि टिपून ठेवलेल्या जुन्या जागी पान नेतो. माणूस जिथून निघाला तिथेच परत. त्याला वाटतं लिंक तुटली आहे. कुलूप क्लिकच्या हँडलरमध्येच, त्याच क्षणी काढा. अॅनिमेशन मागाहून होऊ द्या. क्लिकची मूळ क्रिया हँडलर संपल्यावर घडते, त्यामुळे आधी कुलूप निघेल, पान जागेवर येईल आणि मग ब्राउझर ‘संपर्क’कडे नेईल.

पान गोठण्याची गोष्ट निराळी. कुलूप लावणारी ओळ एक असते, पण मेनू बंद होण्याचे रस्ते अनेक असतात: फुलीवर टॅप, बाहेर टॅप, एस्केप, लिंक, फोन आडवा केल्यावर मोठ्या पडद्याचा मेनू दिसू लागणं. यातल्या एका रस्त्यावर कुलूप काढायचं राहिलं की पान अडकलं. मागे जाण्याचं बटण तर फारच लबाड. मेनूतून दुसऱ्या पानावर गेलेला माणूस मागे आला की ब्राउझर जुनं पान आठवणीतून जसंच्या तसं उभं करतो, कुलपासकट. तुमचा सुरुवातीचा कोड तेव्हा पुन्हा चालत नाही. पेजशो इव्हेंट ऐका, आणि पर्सिस्टेड खरं असेल तर मेनू बंद करून कुलूप काढा.

पण मला विचाराल तर कुलूप लावणं-काढणं हे हिशेबाचं कामच ठेवू नका. मेनू डायलॉग टॅगमध्ये ठेवा, शोमोडलनं उघडा आणि सीएसएसमध्ये एकच नियम लिहा: ज्या एचटीएमएलच्या आत उघडा डायलॉग आहे त्याला ओव्हरफ्लो हिडन. हे ‘हॅज’ सिलेक्टरनं होतं. तो सफारी आणि क्रोममध्ये २०२२ साली आला आणि फायरफॉक्समध्ये २०२३ च्या डिसेंबरात. यात कुलूप वेगळं साठवलेलंच नसतं. मेनू उघडा असला तर कुलूप आहे, नसला तर नाही. कोणत्याही रस्त्यानं बंद होवो, विसरायला काही उरत नाही. शोमोडल मागचं पान टॅपला आणि फोकसला बंद करतो, पण स्क्रोलला करत नाही, म्हणून तो नियम लागतोच. सोबत मेनूला ओव्हरस्क्रोल-बिहेवियर कंटेन द्या, म्हणजे मेनूच्या टोकाला पोचलेला स्क्रोल मागच्या पानाकडे जाणार नाही. मात्र मेनूत सरकण्याइतका मजकूरच नसेल तर अनेक ब्राउझर हा नियम धरत नाहीत, त्यामुळे फक्त त्याच्यावर विसंबू नका. पोझिशन फिक्स्डचा वळसा मी आता तेव्हाच घेते, जेव्हा गिऱ्हाईक सांगतं की आमच्याकडे जुने आयफोन खरंच येतात.

संगणकावर मेनू उघडताना सगळं पान थोडं उजवीकडे सरकत असेल तर ती स्क्रोलबार नाहीशी झाल्याची खूण. एचटीएमएलला स्क्रोलबार-गटर स्टेबल द्या.

मथळा हेडरखाली लपू नये म्हणून तर जावास्क्रिप्ट अजिबात नको. हेडरची उंची मोजून तेवढी वजा करणारा कोड मीही पूर्वी लिहायची. एचटीएमएलला स्क्रोल-पॅडिंग-टॉप म्हणून हेडरच्या उंचीपेक्षा थोडी जास्त किंमत द्या. लिंकवरून येणं, पत्त्यातल्या हॅशवरून थेट येणं, स्क्रोलइंटूव्ह्यू, कीबोर्डचा टॅब, सगळ्यांना तो लागू होतो. हातानं लिहिलेल्या कोडला यातला एखादा रस्ता कायम सुटतो.

तरीही ‘संपर्क’ चुकीच्या जागी थांबत असेल तर फोटोंकडे बघा. तुमची यादी फोटोंनी भरलेली आहे आणि ते लेझी लोड होत असणार, म्हणजे जवळ आल्यावरच उतरत असणार. फोटोला विड्थ आणि हाइट दिली नसेल तर तो येईपर्यंत त्याची उंची शून्य असते. ब्राउझर मुक्कामाला पोचतो, वरचे फोटो उतरतात आणि मुक्काम खाली ढकलला जातो. २०१९ च्या अखेरीपासून क्रोम आणि फायरफॉक्स या दोन आकड्यांवरून फोटोची जागा आधीच राखून ठेवतात. सीएसएसमध्ये हाइट ऑटो असली तरी चालतं, आकडे मात्र टॅगमध्ये हवेत. बागेतून मंद नेटवर्कवर पान उघडणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा आहे. तो फोन नंबरवर बोट ठेवायला जातो आणि नंबर बोटाखालून निसटतो. अशा वेळी माणूस साइटला दोष देत नाही, आपल्यालाच हे जमत नाही असं समजून फोन बाजूला ठेवतो. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून ही दोन आकड्यांची गोष्ट मी प्रत्येक फोटोवर तपासते.

आता अडखळणं आणि ती लायब्ररी. आजचे ब्राउझर पान सरकवण्याचं काम मुख्य थ्रेडवर, म्हणजे जावास्क्रिप्ट चालते त्या कामाच्या रांगेत, करत नाहीत, त्यासाठी कंपोझिटरचा (तयार थर पडद्यावर मांडणाऱ्याचा) वेगळा थ्रेड असतो. वर्धा रोडचा आपला डबल डेकर पूल डोळ्यांसमोर आणा. सर्वांत वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल, खाली जुना रस्ता. खाली कितीही कोंडी झाली तरी पुलावर चढलेली गाडी निघून जाते. तुमची जावास्क्रिप्ट खालच्या रस्त्यावर चालते आणि स्क्रोल पुलावरून जातो. पण टचमूव्ह किंवा व्हीलवर पॅसिव्ह (स्क्रोल थांबवणार नाही असं आधीच सांगणारा) नसलेला लिसनर लावला की ब्राउझरला दर वेळी खाली विचारावं लागतं: सरकवू, की तुम्ही प्रिव्हेंटडिफॉल्ट करणार आहात? म्हणजे पुलाच्या तोंडाशी सिग्नल बसवला आणि तो खालच्या कोंडीला बांधला.

हे टाळण्यासाठी क्रोमनं २०१७ मध्ये विंडो, डॉक्युमेंट आणि बॉडीवरचे टचचे लिसनर मुळातच पॅसिव्ह मानायला सुरुवात केली, आणि २०१९ मध्ये व्हीलचेही. स्मूथ स्क्रोलच्या अनेक लायब्ररी मग मुद्दाम ‘पॅसिव्ह फॉल्स’ लिहून तो सिग्नल परत बसवतात, कारण मूळ स्क्रोल थांबवल्याशिवाय त्यांना स्वतःचा चालवता येत नाही. नव्या लॅपटॉपवर ते सुंदर दिसतं. चार-पाच वर्षं जुन्या फोनवर मुख्य थ्रेड आधीच दमलेला असतो, तिथे प्रत्येक फ्रेम त्याच्या परवानगीसाठी ताटकळते. म्हणून लायब्ररी काढा. सावकाश सरकणं हवंच असेल तर स्क्रोल-बिहेवियर स्मूथ पुरेसं आहे, आणि तेही प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशनच्या अटीत ठेवा. पडद्यावरच्या हालचालीनं काही लोकांना खरोखर गरगरतं, आणि त्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये तसं सांगितलेलं असतं.

लायब्ररी काढूनही अडखळत असेल तर स्क्रोलवरचा तुमचा हँडलर उघडा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. हँडलरमध्ये यादीतल्या प्रत्येक कार्डाची जागा गेटबाउंडिंगक्लायंटरेक्टनं विचारली आणि लगेच त्याला क्लास लावला, मग पुढच्या कार्डाची जागा विचारली, तर ब्राउझरला दर कार्डामागे पानाची मांडणी नव्यानं मोजावी लागते. शंभर कार्डं असली तर त्या १६.७ मिलिसेकंदांत ते बसत नाही. ‘दिसू लागलं की काहीतरी कर’ अशा प्रकारचं सगळं काम इंटरसेक्शन ऑब्झर्व्हरकडे द्या. हेडरची सावलीसुद्धा: पानाच्या माथ्यावर एक पिक्सेल उंचीची रिकामी डिव्ह ठेवा, ती दिसेनाशी झाली की सावली लावा. स्क्रोलचा लिसनर अगदी नाइलाज असेल तरच ठेवा. त्यात आधी सगळं वाचा, मग रिक्वेस्टअॅनिमेशनफ्रेममध्ये सगळं लिहा, वाचणं आणि लिहिणं एकमेकांत मिसळू नका.

कामाचा क्रम असा ठेवा: लायब्ररी काढा, मग सरकणारा डबा ओळखा, मग मेनू डायलॉगमध्ये हलवा, मग पॅडिंग आणि फोटोंचे आकडे. दर पायरीनंतर फोनवर तपासा, सगळं एकदम बदलू नका. कारण एकामुळे सुटलेलं दुसऱ्यामुळे सुटलं असं वाटतं, आणि पुढच्या साइटवर तुम्ही नको तो कोड घेऊन जाता.

तपासायला क्रोमच्या परफॉर्मन्स पॅनलमधून सीपीयू ६ पट हळू करता येतो. पहिल्या अंदाजासाठी तो बरा. पण शेवटची खात्री खऱ्या फोनवरच करा. यूएसबीची तार लावून लॅपटॉपच्या क्रोममधून अँड्रॉइडचं कन्सोल बघता येतं, आणि ती टार्गेट छापायची युक्ती तिथेही चालते. शक्य असेल तर गटातल्या एखाद्या काकांचाच फोन अर्धा तास मागून घ्या आणि उन्हात उभं राहून, एका हातानं, अंगठ्यानं पान चालवून बघा. अंगठ्याचा स्क्रोल माउसच्या चाकासारखा सरळ नसतो, तो तिरका जातो, आणि आडवं हलणारं पान तिथेच पकडलं जातं.

सरकणारा डबा ओळखताना कन्सोलवर काय छापून आलं ते मला लिहा. डॉक्युमेंट आलं असेल तर पुढचं सगळं वर दिल्याप्रमाणे होईल. बॉडी किंवा थीमची एखादी डिव्ह आली असेल तर एचटीएमएल, बॉडी आणि त्या डिव्हला लागलेल्या ओव्हरफ्लो आणि उंचीच्या ओळीही सोबत द्या, मग त्यातली कोणती काढायची ते नेमकं सांगता येईल.